कोल्हापूरची मेस आणि भाच्याची वही

मुलांनो, कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला काय काय आठवतं? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, कुस्त्या, गूळ, करकर वाजणारी चप्पल, तांबडा आणि पांढरा रस्सा! मलाही एवढंच आठवायचं. पण मागच्या डिसेंबरात मी कोल्हापुरात आठ दिवस राहिले आणि यातल्या बऱ्याचशा गोष्टी एका मुलाच्या वहीत पाहिल्या. तो मुलगा म्हणजे माझा भाचा, थोरल्या ताईचा मुलगा.

हा शाळेत असल्यापासून चित्रवेडा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा झाल्या, बारावीही झाली. मग त्यानं हट्ट धरला, की चित्रकलाच शिकणार, आणि तीही कोल्हापुरात. भावोजी म्हणाले, "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" ताई काही बोलली नाही. तिनं गुपचूप त्याची पेटी भरली.

आता तो पहिल्या वर्षाला आहे. त्याला 'फाउंडेशन' म्हणतात. म्हणजे घर बांधायच्या आधी पाया घालतात ना, तसं. आमची हस्तकलेची कार्यशाळा नेमकी कोल्हापूरला निघाली, तेव्हा ताईनं मला बजावलं, "तो तिकडे नीट जेवतो का, ते बघून ये. आणि मला खरं सांग हं. फोनवर तो रोज 'जेवलो' म्हणतो."

तर अशी मी निघाले. पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं, नारळ आणि ताईनं दिलेला लाडवांचा डबा.

रत्नागिरीहून एसटी पाली, साखरपा करत आंबा घाट चढते. घाट चढून मलकापूर आलं, की वाऱ्याचा वास बदलतो. आपल्याकडे कापलेल्या भाताची खाचरं असतात. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे आमची गाडी गोगलगायीसारखी चालली होती. मध्येच एखाद्या गुऱ्हाळातून धूर निघताना दिसायचा आणि खिडकीतून गोड, खमंग वास आत यायचा. गाडीतली सगळी माणसं एकदम जागी व्हायची! गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या कढईत तासन्‌तास आटवतात, वर येणारी मळी काढून टाकतात, मग तो घट्ट पाक वाफ्यात ओतून घोटतात आणि साच्यात भरतात. थंड झाला की गुळाची ढेप तयार. या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे दुसऱ्या कुठल्याही गुळाला 'कोल्हापुरी गूळ' असं नाव देऊन विकता येत नाही.

शहरात शिरताना पंचगंगेवरचा पूल लागतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशी ही पंचगंगा. पुलावरून घाट दिसला. घाटाच्या पायऱ्यांवर एक मुलगा मांडीवर फळी घेऊन बसला होता. मला वाटलं, आपलाच भाचा! तो नव्हता. पुढे आठ दिवसांत असे फळीवाले मी इतके पाहिले, की मोजायचं सोडून दिलं. देवळाच्या बाहेर, रंकाळ्यावर, भाजी मंडईत, एसटी स्टँडवर. या गावाला 'कलापूर' म्हणतात ते उगीच नाही.

मी मामेबहिणीकडे उतरले होते आणि भाच्याची खोली तिथून दोन गल्ल्या पलीकडे, मंगळवार पेठेत. पहिल्याच संध्याकाळी बघायला गेले. एवढीशी खोली! त्यात दोघं जण. दुसरा मुलगा राधानगरी तालुक्यातल्या एका खेड्यातला, त्याच कॉलेजातला. खोलीत आडवी दोरी बांधलेली, तिच्यावर एका बाजूला शर्ट वाळत होते आणि दुसऱ्या बाजूला चिमटे लावून चित्रं. स्टोव्हशेजारी ब्रश धुवायचा मग आणि चहा प्यायचा मग अगदी जवळजवळ ठेवलेले. "बदलत नाहीत ना रे कधी?" मी विचारलं. दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. म्हणजे बदलले होते!

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. शनिवारपर्यंत काय काय द्यायचं, त्याची ती यादी. साठ रेखाटनं, म्हणजे दिवसाला दहा. 'बाजार' या विषयावर एक स्मरणचित्र. कागद घड्या घालून आणि कापून एक त्रिमित रचना. आणि एक स्थिरचित्र, विषय 'रोजची वस्तू'. याला ते 'सबमिशन' म्हणतात. आपल्या शाळेत गृहपाठाची वही तपासायला द्यायची असते ना, तसंच. फक्त ही वही दारातून आत जाईना, एवढी मोठी!

"आणि जेवायचं काय?" मी विचारलं.

"मेस आहे ना, मावशी. सकाळी नऊला आणि रात्री आठला. रविवारी रात्री बंद."

"आज काय होतं?"

"आज... भाजी होती," तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला. कसली भाजी, ते काही सांगेना. मुलांनो, मी तुमच्यासारखीच मुलं रोज वर्गात बघते. पेन्सिलीला टोक आहे तरी कुणी टोक काढायला लागलं, की बाईंना काय ते कळतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मला उठवलं. "चल, तुला फुकटचे मॉडेल दाखवतो." आम्ही गंगावेशीकडे गेलो. थंडी चांगलीच होती. तिथल्या तालमीत पहाटेच पैलवान मेहनत करतात. मी आत गेले नाही, बाहेर चहाच्या गाड्याशी थांबले. आतून दंड थोपटल्याचे आवाज येत होते. भाचा तासाभरानं बाहेर आला, तेव्हा त्याच्या वहीत बारा पैलवान होते. जोर मारणारा, माती उकरणारा, दोरीवर चढणारा. एक नुसताच बसून घाम पुसणारा. मला तोच फार आवडला. भाचा सांगत होता, की हौद्यातल्या लाल मातीत हळद, लिंबू, तेल, ताक घालतात. म्हणून ती मऊ राहते आणि खरचटलं तरी चिघळत नाही म्हणे. "मावशी, माणूस उभा असला की काढायला सोपा. पण हे एक क्षण गप्प राहत नाहीत. म्हणून सर इथे पाठवतात. हात चटकन चालायला लागतो."

राजर्षी शाहू महाराजांना कुस्तीचा फार नाद. खासबागेतलं ते मोठं गोल मैदान त्यांनीच बांधून घेतलं, १९१२ साली ते पुरं झालं. पण शाहू महाराजांची मला आठवण झाली ती तिथे नाही, दसरा चौकात.

आमची कार्यशाळा त्याच बाजूला होती. दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला विद्यार्थ्यांची जुनी वसतिगृहं आहेत. इथे त्यांना 'बोर्डिंग' म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातला मुलगा शिकायला कोल्हापूरला आला, की पहिला प्रश्न पडायचा, राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? शाळा होती, गुरुजी होते, पण पोट रिकामं ठेवून कोण शिकणार? महाराजांनी १९०१ साली पहिलं मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेलच. पण त्याच्या सोळा वर्षं आधी त्यांनी मुलांच्या जेवणाची सोय बघितली, हे माझ्या तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं.

आणखी एक गोष्ट. त्या काळी दलितांच्या हातचं पाणीसुद्धा कुणी प्यायचं नाही. गंगाराम कांबळे नावाच्या गृहस्थांना महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. तेवढ्यावर थांबले नाहीत. स्वतः तिथे जाऊन चहा प्यायचे आणि बरोबरच्या मोठ्या मोठ्या मंडळींनाही प्यायला लावायचे! राजाच पितो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणता येणार?

बुधवारी संध्याकाळी मी भाच्याला म्हटलं, "आज मी तुझ्या मेसमध्ये जेवणार." त्याचा चेहरा एकदम पडला. "अगं, तिथे तुला तिखट लागेल. आणि मला आज भूक नाहीये." मी त्याचं ऐकलंच नाही.

मेस म्हणजे एका घराची पुढची खोली. चार लांब बाकं, भिंतीवर अंबाबाईचा फोटो, आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज. चालवणाऱ्या बाईंना सगळी मुलं मावशी म्हणतात. त्यामुळे भाच्यानं "मावशी" म्हटलं, की आम्ही दोघी एकदम वळून बघायचो! ताटात ज्वारीची गरम भाकरी, अख्खा मसूर, मेथीची भाजी, कांदा आणि वर लाल तर्री. तिखटाचं म्हणाल, तर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. इकडे ज्याला नुसतं 'चटणी' म्हणतात, ते म्हणजे कांदा, लसूण, खोबरं, मिरची घालून वर्षभरासाठी कुटलेलं तिखट. माझी अवस्था बघून मावशींनी न मागता दही वाढलं.

आणि मग म्हणाल्या, "तुमचं पोरगं हाय व्हय हे? बरं झालं आलासा. जरा सांगा की याला. दोन दिवसाआड खाडा सांगतंय!"

मुलांनो, 'खाडा' म्हणजे काय माहीत आहे? मेसमध्ये महिन्याचे पैसे भरायचे असतात. एखाद्या वेळी जेवायला येणार नसलात, तर आदल्या दिवशी सांगायचं. मग तेवढे पैसे कापून मिळतात. त्याला खाडा धरणं म्हणतात. मावशींनी वही दाखवली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चौकोन. जेवला की टिंब, खाडा की फुली. भाच्याच्या ओळीत पंधरा दिवसांत सहा फुल्या होत्या. सगळ्या रात्रीच्या.

रस्त्यानं परत येताना मी काही बोलले नाही. तोही बोलेना. शेवटी त्यानंच सांगितलं. स्थिरचित्रासाठी जाड हातकागद लागतो. फुल इम्पिरियल म्हणजे साधारण बावीस इंच बाय तीस इंच, तेवढा मोठा. दोन खाडे म्हणजे एक कागद. पहिला कागद रंग पसरून बिघडला. दुसऱ्यावर पाणी सांडलं. तिसरा आणला होता आणि चौथ्याची तयारी चालली होती. बाबांकडे मागायचे नाहीत, असं त्यानं ठरवलं होतं. "ते म्हणतील, बघ, मी सांगत होतो. मावशी, आईला सांगू नकोस ना."

मला काय बोलावं सुचेना. खरं तर माझ्याही डोळ्यांसमोर माझी कॉलेजची दोन वर्षं आली. पण ते राहू दे.

खोलीवर गेल्यावर मी त्याची रेखाटनांची वही मागितली. प्रत्येक पानावर तो तारीख घालतो, ही त्याची सवय चांगली. मी मेसमधल्या फुल्यांच्या तारखा आठवून ती ती पानं काढली. दिवसाला दहा रेखाटनं हवीत. फुलीच्या दिवशी कुठे चार होती, कुठे पाच. मंगळवारच्या पहाटेचे पैलवान बघा, रेघ कशी सुटी, ठाम! आणि मागच्या गुरुवारी रात्रीचं रिक्षावाल्याचं चित्र. रेघ तिथल्या तिथे घुटमळलेली, तीन वेळा खोडलेली, रिक्षाचं एक चाक काढायचंच राहिलेलं. मी काही बोलले नाही, नुसती दोन पानं शेजारी शेजारी धरली. शाळेत मी मुलांच्या वह्या अशाच बघते. सकाळी काही न खाता आलेल्या मुलाचं अक्षर अकरा वाजता कसं होतं, ते मला न विचारता ओळखता येतं. खिचडी खाल्ल्यावर तेच अक्षर पुन्हा ओळीवर येतं.

तो बराच वेळ त्या रिक्षाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चाक खरंच राहिलंय की."

एवढ्यात त्याचा जोडीदार आला. हातात ॲल्युमिनियमचा तीन पुडांचा डबा. "चला, जेवायला," म्हणून त्यानं वर्तमानपत्र पसरलं. मग मला उलगडा झाला, की सहा फुल्या असूनही माझा भाचा अगदीच वाळला कसा नव्हता!

हा डबा एसटीनं येतो. त्या मुलाची आई गावातून संध्याकाळच्या गाडीत ड्रायव्हरजवळ डबा देते. झाकणावर तेलाच्या रंगानं नाव घातलेलं. गाडी रंकाळा स्टँडवर आली, की मुलं उभीच असतात. कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांतली किती तरी मुलं अशी शिकली आहेत. स्टँडवर ती वेळ बघण्यासारखी असते. गाडीचा दरवाजा उघडतो, एकावर एक डबे खाली येतात, मुलं नावं वाचतात. एखाद्याचा डबा चुकून दुसऱ्या गाडीला गेला, तर उरलेले सगळे आपापल्या डब्यातली अर्धी भाकरी काढून देतात. रिकामा डबा सकाळच्या गाडीनं परत जातो.

आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. निदान साखरेचे दाणे तरी घालायचे. या मुलांकडे घालायला काय असणार? जोडीदार पहिल्या दिवसापासून चिठ्ठी घालायचा, 'उद्या दोन भाकरी जास्त' किंवा 'शेंगाची चटणी पाठव'. एकदा त्याला घाई होती, म्हणून भाच्यानं चिठ्ठी लिहिली. लिहिली म्हणजे काढली! तीन भाकऱ्यांचं चित्र आणि त्यांच्यापुढे हात जोडून बसलेली दोन मुलं. दुसऱ्या दिवशी डब्यात पाच भाकऱ्या आल्या. तेव्हापासून रोज चिठ्ठीऐवजी चित्र जातं. जोडीदार सांगत होता, "आईनं सगळी चित्रं चुलीमागच्या भिंतीला चिकटवल्यात. गावातल्या बायका बघायला येतात."

त्या रात्री मीही त्या डब्यातलं जेवले. झुणका, भाकरी, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. मेसपेक्षा तिखट कमी होतं. की मला सवय झाली होती, कोण जाणे.

गुरुवार-शुक्रवार कसे गेले कळलं नाही. आमची कार्यशाळाही जोरात होती. आम्ही कागदाचे लगद्याचे मुखवटे केले, माझा मुखवटा वाळताना वाकडा झाला आणि तो सगळ्यांना मुद्दाम केल्यासारखा वाटला. संध्याकाळी आम्ही दोघं भटकायचो. एकदा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. तिथे म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. दूध अजून कोमट असतं! पिऊन झाल्यावर सगळ्यांना पांढऱ्या मिशा. भाच्यानं आधी मला पांढऱ्या मिशांसकट काढलं, मग म्हशीला. म्हैस जास्त चांगली जमली.

एकदा पापाची तिकटीला गेलो. तिथे चपलांची दुकानं आहेत ओळीनं. कोल्हापुरी चप्पल नुसती कोल्हापूरची नव्हे बरं का. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांत मिळून तिचं भौगोलिक मानांकन आहे. २०२५ साली इटलीतल्या मिलान शहरात एका फॅशनच्या कार्यक्रमात तशीच चप्पल दिसली आणि आधी कुणी आपलं नावच घेतलं नाही, म्हणून केवढा गहजब झाला होता! 'बाजार' या स्मरणचित्रासाठी भाच्यानं हीच गल्ली घेतली. तिथे वही उघडायची नाही, नुसतं बघायचं आणि घरी येऊन आठवून काढायचं. तुम्हीही करून बघा. रोज जाता त्या दुकानात घड्याळ कुठे आहे, ते आठवतं का?

वाटेत खरी कॉर्नरला थांबलो. तिथे कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाबूराव पेंटर कुठल्या कला शाळेत शिकले नव्हते. नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा काढायचं मनात आलं, तर परदेशी कॅमेरा कुठून आणणार? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विष्णुपंत दामले त्यांत होते, कॅमेरा इथेच कोल्हापुरात स्वतः बनवला. त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली आला. भाचा त्या स्मारकाकडे बघत म्हणाला, "यांनी किती खाडे धरले असतील गं?" मी म्हटलं, "ते मला ठाऊक नाही. पण तू आज जेवायला चल."

शुक्रवारची रात्र जागरणाची. आठला दोघंही मेसमध्ये जेवून आले, मी स्वतः पाहिलं. मग स्थिरचित्र सुरू. 'रोजची वस्तू' म्हणून भाच्यानं काय मांडलं असेल? तोच डबा! तिन्ही पुडं सुटी करून, एक झाकण आडवं, शेजारी अर्धी भाकरी आणि एक लाल मिरची. ॲल्युमिनियम रंगवणं सगळ्यात अवघड असतं म्हणे, कारण त्याला स्वतःचा असा रंग नसतोच, शेजारच्या वस्तूंचा घेतो. भाकरीजवळ ते पिवळसर दिसतं, मिरचीजवळ तांबूस. मी अकरा वाजेपर्यंत बसले आणि घरी गेले. सकाळी आले तर चित्र झालेलं, दोन्ही मुलं जमिनीवर झोपलेली आणि मांडणीतली भाकरी गायब!

शनिवारी संध्याकाळी दोघं परत आले. रेखाटनं साठ पुरी, सरांनी पैलवानांची पानं वर्गात फिरवली. बाजाराच्या चित्राला बरे गुण पडले. त्रिमित रचना एसटीत... नव्हे, रिक्षात चेपली. आणि डबा?

"सर म्हणाले, रंग छान आहे. पण झाकणाचा लंबगोल चुकलाय. पुन्हा करून आण." असं म्हणून तो मटकन खाली बसला. पुन्हा म्हणजे पुन्हा कागद.

रविवारी सकाळी आम्ही मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस देतात आणि वर कट हवा तितका. मग टाऊन हॉलचं संग्रहालय बघायला गेलो. ही इमारत १८७० च्या दशकातली, उंच कमानींची, भोवती मोठी बाग. आत आबालाल रहमान यांची चित्रं आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरला परत आले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ हाच परिसर ते आयुष्यभर रंगवत राहिले. तेच झाड, तेच पाणी, फक्त उजेड वेगळा.

तिथून आम्ही रंकाळ्यावर गेलो. पाण्यात संध्यामठ उभा होता, दगडी खांबांचा. पावसाळ्यात तो बुडतो आणि पाणी उतरलं की हळूहळू वर येतो. भाच्यानं वही काढली. मी भेळ आणली. एक घास, दोन रेघा, असं चाललं होतं. मेस संध्याकाळी बंद होती, म्हणून मी मामेबहिणीकडे दोघांनाही जेवायला बोलावलं आणि कुळथाची पिठी केली. राधानगरीच्या त्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ली. "पिठलंच हाय की, पण पातळ," म्हणाला आणि तीनदा वाढून घेतली.

सोमवारी सकाळी स्टँडवर दोघं मला पोचवायला आले. गुळाची एक छोटी ढेप आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली म्हैस माझ्या हातात दिली. म्हैस म्हणजे अर्थातच चित्र. गाडी सुटायला वेळ होता. मी भाच्याला म्हटलं, "मी आईला सांगणार आहे हं. खरं सांगायचं कबूल केलंय मी." त्यानं मान हलवली.

आंबा घाट उतरल्यावर साखरप्याला गाडी थांबली, तिथून मी ताईला फोन केला. मेस, खाडे, फुल्या, रिक्षाचं चाक, एसटीचा डबा, सगळं सांगितलं. ताई पलीकडे गप्प. मला वाटलं, फोन तुटला.

मग तिनं विचारलं, "केवढा असतो गं तो कागद?"

मी हातानं दाखवायला लागले आणि शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"भावोजींना सांगशील?" मी विचारलं.

"कागदाचं मी बघते. यांना आधी ते डब्याचं चित्र दाखवते, मग सांगते. फोटो आहे ना तुझ्याकडे?" आणि जरा थांबून म्हणाली, "त्या राधानगरीच्या बाईंना आमसुलं आवडतात का, विचारायचं राहिलं तुझ्याकडून. राहू दे, मी पाठवतेच. बुधवारच्या गाडीला."